वाड्याचं मागचं दार

आज आपण वाड्यांविषयी बोलणार आहोत, आणि त्या वाड्यांत घडणाऱ्या कादंबऱ्यांविषयी.

अष्टविनायकाच्या सहलीला आपल्यातल्या पुष्कळजणी जाऊन आल्या आहेत. थेऊरला चिंतामणीच्या देवळात लाकडी सभामंडप आहे, तो माधवराव पेशव्यांनी बांधला असं सांगतात. त्याच देवळाच्या आवारात १८ नोव्हेंबर १७७२ या दिवशी माधवराव क्षयानं गेले. वय अवघं सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई तिथंच सती गेल्या. आम्ही गटातल्या बायका पहिल्यांदा गेलो तेव्हा दर्शन घेऊन, नारळ वाढवून परत आलो. दुसऱ्या खेपेला जाण्याआधी दुपारच्या बैठकीत रणजित देसाईंची ‘स्वामी’ मोठ्यानं वाचून काढली होती. मग मात्र रमाबाईंच्या स्मारकापाशी गेल्यावर कुणाला बोलवेना. जागा तीच होती. कादंबरीनं ती आमच्यासाठी माणसांनी भरली.

‘स्वामी’ १९६२ साली छापली गेली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे, खेड्यातच राहून लिहिणारे. मोठ्या घरात हाक कुठून कुठं ऐकू जाते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकावं लागत नाही, असं आमचं मत.

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला घर का लागतं? जुन्या कागदात खर्च असतो, हुकूम असतो, कुठं मुक्काम झाला ते असतं. पण नवरा-बायको रागावली तर कुठं बसून रागावली, ते कागद सांगत नाही. वाडा सांगतो. देवडीवर पहारा, मग पहिला चौक, सदर, दिवाणखाना, इथवर पुरुषांचं राज्य. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी, बाळंतिणीची खोली. त्याच्याही मागं न्हाणी, आड, परसू. सदरेवरची मसलत आतल्या बाईला ऐकू जायची तर कुणीतरी निरोप न्यायला हवा, नाहीतर तिनं दाराआड उभं राहायला हवं. एवढ्यावर लेखकाचं एक प्रकरण उभं राहतं.

गंमत अशी की ज्या वाड्यात सगळ्यांत जास्त कादंबऱ्या घडतात, तो वाडा आज जागेवर नाही. पुण्याचा शनिवारवाडा. पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, खर्च १६,११० रुपये. दोन्ही दिवस शनिवारच. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि लाकडी मजले जळून गेले. आत गेलं की दिसतात ती जोती, हौद, कारंज्याची जागा आणि हिरवळ. बाहेरचा तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा तेवढे ठाम उभे. ना. सं. इनामदारांनी ‘राऊ’ लिहिली, १९७२ साली, तेव्हाही हेच होतं. बाजीराव-मस्तानीचे महाल त्यांना डोळ्यांनी बघायला मिळाले नाहीत. कागदांवरून आणि इतरत्र शिल्लक असलेल्या जुन्या वास्तूंवरून अंदाज बांधायचा, दुसरा इलाज नाही. मस्तानीसाठी कोथरूडला वेगळं घर बांधलं होतं, त्याचे उरलेले भाग पुण्याच्या केळकर संग्रहालयात मांडून ठेवले आहेत. पुण्याला गेलात तर जरूर बघा. धडधाकट वाडा बघायचा असेल तर वाईजवळ मेणवलीला जा. कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत, खाली घाट आहे. कोठीची खोली केवढी, उजेड कुठून येतो, हे तिथं समजतं.

पण एक अडचण आहे, आणि आजचा विषय आम्ही तिच्यासाठीच घेतला. जळालेल्या खोल्या कादंबरी पुन्हा बांधते. पुढं नाटक येतं, सिनेमा येतो, मालिका येते. मग आपण जोत्यावर उभ्या राहतो आणि आपल्याला खरा वाडा दिसत नाही, वाचलेला आणि पाहिलेला दिसतो. ‘राऊ’वरून २०१५ साली सिनेमा निघाला. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. त्यावर बराच गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. सिनेमातलं नाचगाणं आपण सोडून देऊ. त्याहून मोठी गोष्ट ३० ऑगस्ट १७७३ ची आहे.

त्या दिवशी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. ‘काका, मला वाचवा’ ही हाक शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेला वाड्यात ती ऐकू येते म्हणतात. खून झाला तो भर दुपारी, एकच्या सुमाराला, पण भुताला रात्र लागते, त्याला कोण काय करणार! आणि दुसरी गोष्ट, ‘ध’चा ‘मा’. चिठ्ठीत नारायणरावांना ‘धरावे’ असं होतं, राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं. ही गोष्ट इतकी पक्की झाली की लिहिण्यात कुणी फसवाफसवी केली तर आजही आपण ‘ध चा मा केला’ म्हणतो. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ नाटक याच प्रसंगावर लिहिलं, आणि आनंदीबाई रंगमंचावर कायमच्या उभ्या राहिल्या.

ती चिठ्ठी मात्र आज कुणी दाखवू शकत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाबद्दल दोषी ठरवलं ते राघोबादादांना. आनंदीबाई निर्दोष होत्या असं आम्ही छातीवर हात ठेवून म्हणत नाही, तेही आम्हाला कुठं माहीत आहे? पण शिक्षा नवऱ्याला सुनावली गेली आणि म्हण बायकोच्या नावावर लागली, एवढं तरी दिसतं. गोष्टीला खलनायिका हवी होती, आतली खोली हवी होती, दिव्याच्या उजेडात दौत-टाक घेऊन बसलेली बाई हवी होती. ती खोली लिहिणाऱ्यांनी बांधली. आणि गावात घराचे वाटे झाले की अजूनही पहिला बोट सुनेकडेच जातं ना?

त्याच दुपारी आणखी कोण मेलं? इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी मोजदाद दिली आहे. अकरा माणसं. नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक आणि दोन दासी. अर्ध्या तासात सगळं संपलं.

दोन दासी. आम्ही हे वाचलं आणि वाचणारीनं पुस्तक मिटून ठेवलं. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतोय, त्या दोघींबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्या कुठं उभ्या होत्या? पाणी घेऊन चालल्या होत्या, जेवणाची उष्टी काढत होत्या, की मधे पडल्या? पेशव्यांच्या घरी विकत घेतलेल्या बायकाही कामाला असत, त्यांना कुणबिणी म्हणत. आपल्याकडे कुणबीण म्हणजे शेतकरीण, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ गुलाम बाई असाही होता. जात्यावर, कोठीवर, न्हाणीघरात, गोठ्यात, सगळीकडे त्यांचेच हात. वाडा चालायचा तो त्यांच्यावर.

शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. फोटो सगळे दिल्ली दरवाज्यापाशी काढतात. मागच्या अंगाला एक जांभूळ दरवाजा आहे. दासींची ये-जा त्या दारानं होई असं सांगतात. नारायणरावांचा देह त्या दिवशी त्याच दारानं बाहेर नेला, म्हणून पुढं त्याला नारायण दरवाजा म्हणू लागले. रोज त्या दारानं आत-बाहेर करणाऱ्यांचं नाव काही त्याला लागलं नाही.

आता जवळचं बोलू. आपल्या पंचक्रोशीत देशमुखांचे, पाटलांचे, इनामदारांचे पडके वाडे आहेत. तुळया विकल्या गेल्या, चौकात बाभळी उगवल्या. त्या वाड्यात कुणाची कोण दळायला जायची, बाळंतिणीला शेक द्यायला कोण बसायची, मागच्या दारानं ताक कुणाला मिळायचं आणि कुणाला परत पाठवायचे, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून दोन-चार आहेत. आमच्या गटानं त्यांच्याकडे बसायला सुरुवात केली आहे. एका आजींनी पहिल्या दिवशी सांगितलं ते असं, की त्यांच्या सासूला वाड्याची पुढची पायरी कशी आहे ते कधी कळलंच नाही, चाळीस वर्षं ती परसातून आत गेली आणि परसातूनच बाहेर आली. आजींचं बोलणं आम्ही मोबाइलवर भरून घेतलं आहे. ते पुढच्या बुधवारी, याच वेळेला, त्यांच्याच आवाजात ऐकवू.