किंगकाँग : हरणाऱ्या पैलवानाची कहाणी

आमच्या पिंगळीत एखादा पोरगा उगाच दंड फुगवून दाखवू लागला, की मोठी माणसे म्हणत, "लई दारासिंग लागून गेलास का?" आणि पोट सुटलेल्या, जड अंगाच्या पोराला किंगकाँग म्हणून चिडवत. परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या या गावात त्या दोघांना प्रत्यक्ष पाहिलेले कोण असणार? पण जत्रा-उरसांतल्या तंबू सिनेमाने आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ही नावे खेड्यापाड्यांत पोचवली होती. दारासिंगवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. तो सिनेमाचा नायक झाला, दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेत हनुमान झाला, राज्यसभेचा सदस्य झाला. 2012 साली तो वारला तेव्हा सगळ्या देशाने त्याची आठवण काढली. ज्याला आपटून तो दारासिंग झाला, त्या किंगकाँगविषयी मात्र चार ओळींपलीकडे काही माझ्या वाचनात आले नाही.

त्याचे खरे नाव एमिल चाया. जन्म 1909 चा, ब्राशो या गावचा. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते, पहिल्या महायुद्धानंतर ते रुमानियात गेले. म्हणजे माणूस जागेवर असतानाच त्याचा देश बदलला. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही. जाहिरातींत मात्र तो शेवटपर्यंत हंगेरीचाच राहिला. फाळणीच्या आधीच तो हिंदुस्थानात आला आणि पुढची तीसेक वर्षे लाहोर, मुंबई, कलकत्ता, सिंगापूर, मलाया अशा फेऱ्यांत त्याचे आयुष्य गेले. किंगकाँग हे नाव 1933 सालच्या हॉलिवूडच्या चित्रपटातल्या राक्षसी वानराचे. वजन चारशे पौंडांच्या घरातले, मानेचा पत्ता नाही, दाढी राखलेली. त्याच्या खाण्याच्या गोष्टी तर अशा, की डझनांनी अंडी आणि अख्ख्या कोंबड्या यांच्याखाली हिशेब येत नसे. यातले खरे किती आणि तिकीट खपवण्यासाठी उठवलेले किती, हे वेगळे काढता येत नाही. काढण्याची गरजही नाही, कारण त्या गोष्टी हा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

धंदा म्हणजे फ्री-स्टाईल. ऑलिम्पिकमध्ये याच नावाची जी कुस्ती असते तिचा याच्याशी संबंध नाही. ही दोरांच्या चौकटीतली, तिकिटाची कुस्ती. हिच्यात ठोसे चालतात, केस ओढणे चालते, पंचाची पाठ वळली की गळाही दाबता येतो. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या दंगली व्हायच्या तेव्हा गिरणगावातला कामगार, भेंडी बाजारातला दुकानदार आणि मलबार हिलचा शेठ एकाच छपराखाली ओरडत बसलेले असत.

या खेळाला दोन माणसे लागतात. एक ज्याच्यासाठी लोक टाळ्या वाजवतील असा, आणि दुसरा ज्याला शिव्या घालतील असा. पहिल्याचे काम सोपे नाही, पण दुसऱ्याचे जास्त अवघड. त्याने आधी जिंकत आले पाहिजे, नाहीतर त्याला हरवण्यात शोभा नाही. त्याने लबाडी करायची, पण ती पंच सोडून सगळ्या स्टेडियमला दिसेल अशी. लोकांचा संताप नेमका टिपेला पोचला की मग मार खायचा.

दारासिंगने किंगकाँगला दोन्ही हातांवर उचलून गरगरा फिरवला आणि फेकला, हे वर्णन आजही सांगितले जाते. दारासिंग सहा फूट दोन इंच उंच, सुमारे 130 किलोंचा, ताकदीला तोटा नव्हता. पण या धंद्यातला कोणीही सांगेल, की उचलला जाणारा स्वतः तयार नसेल तर एवढे धूड खांद्यावर जात नाही. त्याने नेमक्या क्षणी पाय उचलायचा असतो, कंबर आवळून धरायची असते, उचलणाऱ्याच्या मनगटावर किंवा मांडीवर हात टेकून स्वतःचा भार हलका करायचा असतो. खाली येताना पाठ सपाट आणि हनुवटी छातीला लावलेली ठेवायची, हात पसरून फळ्यांवर आपटायचे, म्हणजे आवाज मोठा होतो आणि मणका वाचतो. चारशे पौंडांच्या देहाने, पन्नाशीच्या आसपासच्या वयात, वर्षानुवर्षे हे करायचे. लोकांनी पाहिली ती दारासिंगची ताकद. ती दिसावी म्हणून खालच्या माणसाने केलेली मेहनत लोकांना दिसू नये, हीच त्या मेहनतीची शर्त होती.

आपल्याकडे याला एक शब्द आहे, नुरा कुस्ती. आधी ठरवून केलेली, लटकी. हल्ली पुढाऱ्यांच्या भांडणालाही तो लावतात. लाल मातीतला वस्ताद हा शब्द तुच्छतेने उच्चारतो आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मला मात्र किंगकाँगला नुसता लटका म्हणवत नाही. निकाल ठरलेला असेल, पण पाठीत बसणारा दणका खराच असतो.

मातीची कुस्ती आणि ही कुस्ती यांत माझ्या मते खरा फरक आणखी एक आहे, तो निकालाइतका बोलला जात नाही. आखाड्यात खलनायक नसतो. समोरचा जोडीदार असतो, प्रतिस्पर्धी असतो, पण त्याला दुष्ट ठरवल्यावाचून कुस्ती लागते. शाहू महाराजांनी बांधलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान 1912 साली सुरू झाले. तिथे पंजाबचे मुसलमान मल्ल येत आणि त्यांच्या डावाला दाद मिळे. पाकिस्तान झाल्यावरही हे थांबले नाही. सादिक पंजाबी पाकिस्तानातून आला, गणपतराव अंदळकरांच्या पिढीतल्या मल्लांशी लढला, आणि कोल्हापूरच्या लोकांनी त्याला आपला मानला. आजही तिथले जुने शौकीन त्याचे नाव जिव्हाळ्याने घेतात. एक मुसलमान, तोही पाकिस्तानी, आपल्या लाडक्या मल्लासमोर उभा. फ्री-स्टाईलच्या ठेकेदाराला याहून सोपा खलनायक कुठला मिळणार? पण माती घेऊन सलामी झाली की प्रेक्षक पकड कुठे बसली ते पाहत होता.

गामा पैलवानाचेही तसेच. 1910 साली लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची कुस्ती बरोबरीत राहिली, आणि 1928 साली पतियाळ्यात त्याच झिबिस्कोला त्याने मिनिटाच्या आत चितपट केले. तेव्हा हिंदुस्थानभर जो आनंद झाला त्यात गामाचे पूर्ण नाव गुलाम मुहम्मद आहे याची कुणाला अडचण वाटली नाही. फाळणीत गामा लाहोरला राहिला, त्याचा पुतण्या भोलू आणि त्याचे भाऊ पाकिस्तानचे मल्ल झाले. किंगकाँग तिकडेही जाऊन त्या घराण्याच्या मल्लांशी लढला. सीमेच्या दोन्ही बाजूंना दुष्ट म्हणून एकच माणूस चालत होता, ही गंमतच म्हणायची.

मुंबईच्या चौकटीला एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. ज्या दशकात दंगलींच्या जखमा ओल्या होत्या, त्या दशकात तिने खलनायक म्हणून शेजारचा माणूस उभा केला नाही. कुठल्या तरी दूरच्या देशाचा, वानराचे नाव लावणारा, धर्म कुणी न विचारलेला एक अगडबंब गोरा उभा केला. नायक शीख होता आणि त्याच्यासाठी ओरडणाऱ्यांत सगळे होते. 1962 साली बाबूभाई मिस्त्री यांनी 'किंगकाँग' नावाचाच चित्रपट काढला, त्यात नायक दारासिंग. पुढच्या वर्षीचा 'फौलाद' मोहम्मद हुसेन यांचा, आणि नायिका मुमताज. एमिल चायाही काही हिंदी चित्रपटांत दिसला, अर्थात मार खाणाऱ्यांच्या बाजूला.

हे श्रेय देताना हातही थोडा आखडता घ्यावा लागतो, कारण खलनायक हा माणसाचा गुण नसून जागेचा आहे. जपानचे उदाहरण पाहावे. 1955 च्या नोव्हेंबरात टोकियोत आशियाई स्पर्धा झाली. तिथे किंगकाँगचा जोडीदार कोण, तर टायगर जोगिंदरसिंग. 1954 साली ज्याला हरवून दारासिंग रुस्तम-ए-हिंद झाला, तोच हा. या दोघांनी मिळून जोडीचे विजेतेपद घेतले, आणि 22 नोव्हेंबरला एकेरीत रिकिदोझानने किंगकाँगला हरवले. सारे जपान आनंदले. युद्धात हरलेल्या जपानला हा आपला वीर वाटत होता, आणि तो जन्माने कोरियन आहे हे त्याने लपवून ठेवले होते. पुढे 1970 च्या दशकात टायगर जीतसिंग नावाचा पंजाबी शीख जपानमधला सर्वांत मोठा खलनायक झाला. मुंबईत पगडीला टाळ्या पडत होत्या, टोकियोत त्याच पगडीला शिव्या.

आणि अमेरिकेत शिव्या खाण्याची पाळी आपल्यावर आली. हुसेन खुसरो अली वजीरी हा इराणचा चांगला मल्ल, शहाच्या पहाऱ्यावर काम केलेला. 1968 साली तख्ती या थोर मल्लाचा संशयास्पद मृत्यू झाल्यानंतर त्याने देश सोडला. अमेरिकेच्या ऑलिम्पिक मल्लांना शिकवण्याचे कामही त्याने केले. पण तेहरानमधले ओलीस प्रकरण घडल्यावर त्याची किंमत एवढीच उरली, की त्याने आयर्न शेख या नावाने इराणचा झेंडा फडकवत यायचे, अमेरिकेच्या नावाने थुंकायचे आणि मार खायचा. 23 जानेवारी 1984 रोजी न्यूयॉर्कमध्ये हल्क होगनने त्याला पाडले, तिथून होगनचे युग सुरू झाले. घर सोडून पळालेला माणूस त्याच घराचा दुष्ट प्रतिनिधी म्हणून पोट भरत राहिला. 2023 साली तो वारला.

त्याच्या पुढची पायरी 2004 ची. मुहम्मद हसन नावाचे पात्र आले. हा अमेरिकेत जन्मलेला अरब, आणि त्याचे म्हणणे काय, तर 11 सप्टेंबरनंतर लोक आमच्याकडे संशयाने पाहतात. म्हणणे शब्दशः खरे होते. तेच म्हणायला लावून त्याला खलनायक केले. तो तक्रार सुरू करी आणि प्रेक्षक शिट्ट्या-शिव्यांनी त्याचा आवाज बुडवत. पुढे बुरखाधारी माणसे बोलावून गळा आवळण्याचा प्रसंग आधी चित्रित करून ठेवलेला होता, तो दाखवला गेला 7 जुलै 2005 ला, लंडनच्या बॉम्बस्फोटांच्याच दिवशी. ओरड झाली आणि पात्र गुंडाळले गेले. हसनचे काम करणारा नट इटालियन वंशाचा अमेरिकन होता. त्याने पुढे कुस्ती सोडली.

हे दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. मराठवाड्यात 1948 नंतर कित्येक वर्षे भांडणात मुसलमान पोराला गप्प करायला 'रझाकार' हा एक शब्द पुरत असे. रझाकारांनी केलेले जुलूम खरे आहेत, त्यावर पांघरूण घालण्याचे काही कारण नाही. पण 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत ऑगस्ट 1948 मध्ये खून केला तो याच रझाकारांनी, आणि शोएबुल्ला निजामाविरुद्ध लिहीत होते. पोलीस ॲक्शननंतर जन्मलेल्या पोराला हा शब्द चिकटवला जाई तेव्हा शोएबुल्लाचे नाव कुणाला आठवत नसे. एमिल चायाला निदान त्या भूमिकेचे पैसे मिळत होते आणि दार बंद झाल्यावर ती उतरवून ठेवता येत होती.

दारासिंगने 1959 साली कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला आणि 1968 साली मुंबईत लू थेझला हरवले. तोवर त्याला किंगकाँगची गरज फारशी उरली नव्हती, सिनेमाने त्याला पोसले होते. किंगकाँगने सिंगापुरात घर केले होते, आणि तिथून तो मलेशियाच्या गावोगाव लढती करत राहिला. 1970 साली मोटार अपघातात तो जबर जखमी झाला आणि मे महिन्यात सिंगापुरात वारला. तेव्हा त्याचे वय साठीच्या आसपास होते आणि त्याने कुस्ती अजून सोडलेली नव्हती.