नवसागराचा पत्ता

दिवाळीच्या आधी आमच्या साताऱ्याच्या वाड्यात कल्हईवाले चाचा यायचे. चौकात वीतभर खड्डा खणायचे, भात्याची नळी त्यात पुरायचे आणि वर कोळसे रचायचे. आजी माळ्यावरची पितळी पातेली त्यांच्यापुढे मांडून दरवर्षी तेच बजावायची, "चाचा, ताक कळकलं तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघेन हं." कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार असं काही आंबट राहिलं की ते हिरवट पडतं आणि तोंडात घेववत नाही. त्याला कळकणं म्हणतात. माझ्या नातीला हे क्रियापद समजावून सांगावं लागलं. तिच्या घरात सगळं स्टील.

भांडं तापलं की चाचा पुडीतून चिमूटभर पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. दाट पांढरा धूर उठायचा, नाकात झणझणायचं. मग कथलाची कांडी टेकवायची. ती विरघळून बोळ्यामागे धावायची आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. पूड कसली म्हणून विचारलं तर म्हणाले, "नवसागर." नऊ समुद्रांचं पाणी आटवून केलेलं मीठ असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवताना संप्लवनाच्या धड्यात हा नवसागर दरवर्षी भेटायचा. बशीत वाळू आणि नवसागर, वर पालथं नरसाळं, खाली दिवा. वाळू बशीतच राहते, नवसागर पांढऱ्या वाफा होऊन नरसाळ्याला चिकटतो. तापला की त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड सुटा होतो, निवला की दोघे पुन्हा एक. चाचांचा धूर म्हणजे हवेत पुन्हा जमलेला नवसागरच होता. आणि मधल्या क्षणी सुटा झालेला हायड्रोजन क्लोराईड तांब्यापितळेवरचा ऑक्साईडचा थर खाऊन टाकत होता. तो थर गेल्याशिवाय कथील धातूला धरत नाही.

समुद्राशी मात्र याचं काही नातं नाही. फारसीत नौशादर, अरबीत नुशादिर, हिंदीत नौसादर, संस्कृत रसग्रंथांत नवसार. त्यात 'सागर' आपल्याच जिभेने घातला असावा. अनोळखी शब्दाला ओळखीचं आडनाव लावायची आपली जुनी खोड. त्याचे खरे पत्ते कोरडे आहेत. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल समरकंदच्या पूर्वेकडच्या बुत्तम डोंगरांचं वर्णन करतो: तिथल्या गुहेतून दिवसा धुरासारखी, रात्री आगीसारखी दिसणारी वाफ निघते आणि थिजून तिचा नवसागर होतो. जमिनीखाली पेटलेल्या कोळशाची ती करामत.

आपल्याकडचा पत्ता त्याहून साधा. तेराव्या शतकाच्या आसपासच्या 'रसरत्नसमुच्चया'त याला चूलिकालवणही म्हटलंय, आणि विटा भाजताना तयार होणारं फिकट, हलकं मीठ अशी ओळख दिलीय. मला हे आधी कविकल्पना वाटलं होतं. पण इंग्रजी अमदानीत करनाल जिल्ह्यातल्या कैथलकडचे कुंभार नेमका हाच उद्योग करत होते: तळ्याच्या घाण गाळाच्या विटा पाडायच्या, शेणाने भट्टी पेटवायची, विटांवर धरलेली खपली खरवडायची आणि शुद्ध करायची. म्हणजे ग्रंथकाराने भट्टी पाहिलेली होती, निदान पाहणाऱ्याचं नीट ऐकलेलं होतं.

इजिप्तमध्ये हेच मीठ शेणाच्या गोवऱ्यांच्या काजळीतून काढत. युरोपने त्याला आमोन देवाच्या नावाचं मीठ म्हटलं, आणि अमोनिया हे नाव तिथूनच आलं. गंमत अशी की ज्या मिठाला रोमन लोक आधी त्या देवाचं नाव लावत ते बहुधा साधं सैंधव होतं; नाव पुढे भलत्याच मिठाला चिकटलं. तेव्हा आपल्या 'सागरा'ला हसायचं कारण नाही.

चाचा आता येत नाहीत. गेल्या वर्षी आजीचं एक पातेलं मीच मंडईमागच्या कल्हईवाल्याकडे न्यायचं ठरवलं. तो म्हणाला, नवसागर संपलाय, तेवढा घेऊन या. किराणा दुकानात मागितला तर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. गावठी दारूच्या धाडीच्या बातमीत काळ्या गुळाशेजारी नवसागर असतोच. आंबवणाऱ्या किण्वाला लागणारा नायट्रोजन त्यातून मिळतो.

"किती पाहिजे, आजी?"

मी पिशवीतून पातेलं काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने आतून बोट फिरवलं.

"मग पन्नास ग्रॅम पुरे," म्हणाला, आणि पुडी बांधायला घेतली.