तीन किलोचा तुकडा आणि एकच ताट

पाककृतींच्या पुस्तकांत 'चार ते सहा जणांसाठी' ही ओळ इतकी रुळली आहे की, एकट्या माणसाचेही स्वयंपाकघर असते याचा विसर पडावा. डुकराच्या मांसाच्या बाबतीत तर हा विसर अधिकच जाणवतो. सोर्पोतेल असो, विंदालू असो वा नाताळचा रोस्ट, सारे काही भरल्या घरासाठी योजलेले असते. परिणामी एकटे राहणारी व्यक्ती पाव किलोचे बारीक तुकडे आणते, ते कढईत रबरासारखे होतात आणि 'पोर्क आपल्याला जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. दोष हाताचा नसून बहुधा तुकड्याच्या आकाराचा असतो.

मोठा, हाडासकट तुकडा मंद आचेवर तासन् तास शिजताना त्याच्यातील चिवट संयोजी ऊतक, म्हणजे कोलॅजेन, हळूहळू विरघळून जिलेटिन होते. हे काम आतील तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर वेग घेते. ९० अंशांच्या आसपास मांस काट्याने सुटू लागते. लहान तुकड्यातील पाणी त्याआधीच उडून गेलेले असते. यासाठी खांद्याचा भाग सर्वांत क्षमाशील. त्यात चरबी मांसात विखुरलेली असते, त्यामुळे अर्धा तास जास्त झाला तरी बिघडत नाही. मागील मांडी कमी चरबीची असल्याने लवकर कोरडी पडते. पाठीचा मऊ भाग तर या पद्धतीसाठी घेऊच नये.

वांद्रे, वसई किंवा गोव्यातील खाटकाकडे हाडासकट तीन किलोचा खांदा मागितल्यास तो मिळू शकतो. (घरमालकाला ते चालेल की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) घरी आणल्यावर सगळा तुकडा एकाच पद्धतीने शिजवण्याचा मोह टाळावा. हाड नसलेल्या बाजूचे सुमारे एक किलो मांस कच्चेच कापून विंदालूसाठी बाजूला काढावे. उरलेल्या दोन किलोंना किलोमागे साधारण १५ ग्रॅम मीठ, ठेचलेला लसूण आणि मिरी चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी १५० अंशांवर ओव्हनमध्ये साडेतीन ते चार तास आणि कातडी कुरकुरीत हवी असल्यास शेवटची वीस मिनिटे २२० अंशांवर, इतके पुरते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात, थोडे पाणी घालून, घट्ट झाकणाखाली तेवढाच वेळ मंद आच द्यावी. प्रेशर कुकरमध्ये वेळ वाचतो. मात्र त्यासाठी तुकडा दोन-तीन भागांत कापावा लागतो आणि कातडीचा कुरकुरीतपणा विसरावा लागतो.

कच्च्या डुकराच्या मांसाची भीती निराधार नाही. 'टिनिया सोलियम' या पट्टकृमीची पुटी मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढरट फोडांसारखी दिसते; असे मांस घेऊच नये. अर्धवट शिजलेल्या मांसातून हा कृमी माणसाच्या आतड्यात वाढतो. मेंदूत पुटी होऊन फेफरे येण्याचा जो आजार आहे, तो मात्र मांसातून थेट होत नाही. कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी पाणी, भाजी वा अस्वच्छ हातांवाटे पोटात गेल्याने तो होतो. म्हणूनच डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही तो होऊ शकतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांचा विसावा ही मर्यादा पुरेशी मानली. खिम्यासाठी ती ७१ अंश आहे. खांदा ९० अंशांपर्यंत जात असल्याने येथे प्रश्न उरत नाही. तरीही मांसात टोचायचा थर्मामीटर एकट्या माणसाने जरूर घ्यावा. 'शिजले का बघ' म्हणायला घरात दुसरे कोणी नसते.

खरा धोका शिजवण्यात नाही, शिजल्यानंतर आहे. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स' या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि मोठा तुकडा ओट्यावर सावकाश निवत असताना फोफावतात. रात्री जेवून, भांडे झाकून, 'सकाळी बघू' म्हणणे नेमके इथेच महागात पडते. म्हणून पहिले ताट वाढून होताच मांस हाडावरून सोडवावे, उथळ डब्यांत पसरावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच. हाड आणि शिजताना होणारी घट वजा जाता दोन किलोंतून साधारण आठ ताटे निघतात. तीन दिवसांत संपतील तेवढी फ्रिजमध्ये, बाकीची एकेका जेवणापुरती बांधून, वर तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवावीत. उणे १८ अंशांवर ती दोन-तीन महिने चवदार राहतात. एका दाराच्या छोट्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा मात्र बहुधा तितका थंड नसतो. तेथे दोन आठवड्यांहून अधिक भरवसा ठेवू नये. वीज गेल्यास दार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास, भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस थंडावा धरतो.

आता बाजूला काढलेला तो किलोभर. विंदालूचे मूळ 'कार्ने द विन्या दाल्योस' या पोर्तुगीज प्रकारात आहे. अर्थ, वाइन व लसणातील मांस. मदेरा बेटावर तो आजही नाताळला होतो. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरीपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि पोर्तुगिजांनीच आणलेली मिरची त्यात आली. नावातल्या 'आलू'शी बटाट्याचा संबंध नाही. तो हॉटेलवाल्यांनी जोडला. मिरची, लसूण, जिरे, दालचिनी, लवंग व्हिनेगरमध्ये वाटून मांसाला लावावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरवावे. भांडे मातीचे, काचेचे वा स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमला व्हिनेगर खाते. नंतर कांदा परतून त्यावर मांस घालून मंद शिजवावे. हा पदार्थ केल्या दिवशी खाण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची आंबट-तिखट चव खरी उतरते. सोर्पोतेलचेही तसेच. व्हिनेगरमुळे तो पूर्वी फ्रिजविना दिवसेंदिवस टिकवत, रोज उकळत. आज फ्रिज असताना तो प्रयोग करण्याचे कारण नाही.

रोस्टचे उरलेले मांस पुन्हा गरम करताना वाफ निघेपर्यंत, म्हणजे ७४ अंशांपर्यंत, तापवावे आणि एकदाच तापवावे. पहिल्या दिवशी भाताबरोबर, दुसऱ्या दिवशी कांदा-मिरचीवर परतून पावात, तिसऱ्या दिवशी फोडणीच्या भातात, असे रूप बदलत गेले की कंटाळा येत नाही. तळाशी साचलेली चरबी गाळून बाटलीत भरावी. बटाटे परतायला तिच्यासारखी दुसरी नाही. हाडे पाण्यात दोन तास उकळली की निवल्यावर पाणी जेलीसारखे थिजते. त्यात मूठभर मसूर शिजवले की चौथ्या दिवसाचे जेवण तयार होते.