उपाशी कुत्र्याची देणगी

पित्ताशयाच्या सोनोग्राफीची वेळ ठरली की सांगतात, "उपाशीपोटी या." पोटात वायू कमी असावा हे एक कारण, पण मुख्य कारण उलटंच आहे: पोट रिकामं हवं ते पित्ताशय भरलेलं राहावं म्हणून. तूप-तेल पोटात गेलं की पित्ताशय आक्रसतं, पित्त आतड्यात सोडतं आणि मग बघायला फारसं काही उरत नाही. हा नियम सोनोग्राफीहून कितीतरी जुना. तो हाती लागला अमेरिकेतल्या सेंट लुईसला, १९२३ च्या सुमारास.

एक्स-रे तेव्हा होता, पण पित्ताचे बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे. कॅल्शियम कमी असल्यानं ते फिल्मवर उमटतच नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातले सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी ठरवलं, खडा दिसत नाही ना, मग भोवतालचं पित्तच दिसेल असं करू. फिनॉल्फ्थॅलीनच्या जातीची काही रसायनं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं, हे ठाऊक होतं. पित्ताशय पाणी शोषून पित्त दाट करतं, हे राउस आणि मॅकमास्टर यांनी नुकतंच दाखवलं होतं. तेव्हा त्या रसायनाला ब्रोमीन किंवा आयोडीन जोडायचं आणि शिरेतून द्यायचं. प्रयोगांची हमाली आली वॉरन कोल या तरुण डॉक्टरकडे. कुत्र्यामागून कुत्री झाली, फिल्म कोरीच. मग एके दिवशी एकाच कुत्र्याच्या पोटात पित्ताशयाची ठळक सावली! चौकशी केली तर सांभाळणाऱ्यानं त्या सकाळी त्याला खायला घातलंच नव्हतं. १९२४ मध्ये पद्धत जाहीर झाली.

पुढे इंजेक्शन गेलं, गोळ्या आल्या. रात्री बिनतेलाचं जेवण, मग आयोडीनच्या गोळ्या, सकाळी अनशापोटी फोटो. काही दशकं हीच मुख्य तपासणी होती.

सत्तरच्या दशकात सोनोग्राफी आली आणि त्याच सुमारास खडे गोळ्यांनी विरघळवण्याचे प्रयोगही. १९८५ मध्ये म्यूनिकच्या डॉक्टरांनी बाहेरून लाटा मारून खडे फोडले. आता प्रश्न नवा होता: खडा गेला का? इथे जुनी पद्धत उघडी पडली. दाट रंगीत पित्तात दोन-तीन मिलिमीटरचा चुरा बुडून जातो आणि फिल्म 'स्वच्छ' म्हणते. सोनोग्राफीत तोच चुरा चमकतो, त्याच्यामागे सावली पडते, रोग्यानं कूस बदलली की तो घरंगळतो. सीटी स्कॅनवर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण कोलेस्टेरॉलचा खडा आणि पित्त तिथे बऱ्याचदा सारखेच दिसतात. तरी जुन्या फिल्मला एक मान द्यायलाच हवा. पित्ताशयाची नळी उघडी आहे का, ते काम करतंय का, खडा पित्तात तरंगतो का, हे ती सांगायची. आणि खडे विरघळवणाऱ्या गोळ्या कोणाला द्यायच्या हे त्यावरच ठरायचं.

पण विरघळलेले खडे पाच वर्षांत सुमारे निम्म्या जणांना पुन्हा होत. म्हणजे पुन्हा गोळ्या, पुन्हा तपासणी. दुर्बिणीतून अख्खं पित्ताशयच काढता येऊ लागल्यावर या येरझाऱ्या कोण घालणार? गोळ्या आज मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी उरल्या आहेत आणि त्यांच्या खड्यांवर नजर ठेवते ती सोनोग्राफी.