टक्कलावरील औषधोपचार

डोक्याच्या पुढील भागावरील व माथ्यावरील केस कायमचे विरळ होत जाऊन त्वचा उघडी पडणे, या अवस्थेस टक्कल म्हणतात. पुरुषांमध्ये ते बहुधा ठराविक क्रमाने पडते. प्रथम कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतील केस मागे हटतात, नंतर माथ्यावर विरळ जागा दिसू लागते आणि अखेरीस या जागा एकमेकींस मिळून कानांच्या वर व मानेलगत नालाच्या आकाराचा केसांचा पट्टा तेवढा उरतो. आनुवंशिकता आणि पौरुषजन हॉर्मोने (वृषणादी वाहिनीविहीन ग्रंथींपासून स्रवणारे व सरळ रक्तात मिसळणारे पदार्थ) यांच्या संयुक्त परिणामाने घडणाऱ्या या प्रकाराला ‘पुरुषी टक्कल’ असे म्हणतात. चाई, खवडे यांसारखे रोग, दीर्घ ज्वरानंतरची केसगळती व विषबाधेने होणारा केशनाश हे प्रकार त्याहून सर्वस्वी भिन्न आहेत. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरच्या पूर्वेकडील गावांतून जी केसगळती उद्भवली, तिच्यामुळे त्याचे व्यावहारिक महत्त्व पुरेपूर प्रत्ययास आले.

टक्कलावर औषध शोधण्याचा मानवाचा प्रयत्न फार जुना आहे. इ. स. पू. सु. १५५० मधील ईबर्स पपायरस या ईजिप्शियन वैद्यकीय लेखात सिंह, पाणघोडा, सुसर इ. प्राण्यांच्या चरबीचे लेप सांगितले आहेत. ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील सूत्रांत नपुंसकांना टक्कल पडत नाही असे निरीक्षण नमूद आहे. त्याचा अर्थ उलगडण्यास पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे जावी लागली. भारतीय वैद्यकात सुश्रुतांनी या विकाराचा अंतर्भाव क्षुद्ररोगांत केला असून, पित्त व वात यांच्या योगाने केस गळतात आणि नंतर कफ व रक्त रोमकूप बंद करीत असल्याने नवे केस उगवत नाहीत, अशी उपपत्ती मांडली आहे. वाग्भटांनी हीच संप्राप्ती (रोग उत्पन्न होण्याची प्रक्रिया) सांगताना इंद्रलुप्त व खलती असे दोन प्रकार वेगळे केले आणि खलतीमध्ये केस क्रमाक्रमाने जातात असा विशेष नोंदविला. एकाएकी जाणारे व हळूहळू जाणारे केस यांतील हा भेद आजच्या त्वचारोगतज्ञाच्या तपासणीतही पहिला मानला जातो. माका, जास्वंद, आवळा इ. वनस्पतींनी सिद्ध केलेली तेले महाराष्ट्रात घरोघरी वापरात आहेत. त्यांनी केसांची निगा राखली जाते, परंतु पुरुषी टक्कलात गेलेले केस परत आल्याचे प्रमाण नाही.

महाराष्ट्रात टक्कलाची खंत कितपत जुनी असावी, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. पेशवाईत व त्यानंतरही बराच काळ पुरुष शेंडी वा घेरा राखून बाकीचे डोके तासून घेत आणि बाहेर पडताना पागोटे, पगडी वा रुमाल बांधीत. अशा समाजात माथ्यावर केस नसणे सहसा डोळ्यांत भरत नसे. शेंडी जाऊन केस कापून भांग पाडण्याची रीत रूढ झाली, शिरस्त्राणेही मागे पडली आणि मगच टक्कल हा पुरुषाच्या मनाला टोचणारा विषय झाला असावा. केसतेलांच्या जाहिरातींना ऊत आला तो याच सुमारास.

शास्त्रीय संशोधनास खरी दिशा मिळाली ती अमेरिकन शारीरविज्ञ जेम्स बी. हॅमिल्टन यांच्या १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने. तारुण्यागमनापूर्वी ज्यांची वृषणे निकामी झाली होती किंवा काढण्यात आली होती, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, असे त्यांना आढळले. त्यांना टेस्टोस्टेरोन हे पौरुषजन हॉर्मोन दिल्यावर, ज्यांच्या कुळात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. हॉर्मोन थांबविताच टक्कलाची वाढ थांबली, मात्र गेलेले केस परत आले नाहीत. हॉर्मोन, आनुवंशिकता व वय या तिन्हींची जोड लागते, हे यावरून सिद्ध झाले. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये टक्कलाच्या पायऱ्या ठरविणारे वर्गीकरण केले. ओटार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेले तेच वर्गीकरण अद्यापि वापरात आहे.

पुढचा दुवा कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात मिळाला. तेथील एका खेड्यात काही मुले जन्मतः मुलीसारखी दिसत व वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. ज्यूलिअन इंपेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, या व्यक्तींत ५-आल्फा रिडक्टेज या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाची) उणीव असते. हे एंझाइम टेस्टोस्टेरोनाचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या अधिक प्रभावी हॉर्मोनात करते. या व्यक्तींची अष्ठीला ग्रंथी (पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी असणारी ग्रंथी) प्रौढपणीही लहान राहते आणि कपाळावरील केस मागे हटत नाहीत. ज्याच्या केशपुटकांत (त्वचेतील ज्या सूक्ष्म पिशवीतून केस उगवतो तिच्यात) जन्मजात संवेदनशीलता आहे, त्याच्या बाबतीत हे रूपांतरित हॉर्मोन पुटकाला दर वाढचक्रागणिक आखूड व बारीक करीत नेते. जाड केसाच्या जागी अखेर लव उरते.

या माहितीच्या आधारे मर्क या अमेरिकन कंपनीने फिनॅस्टेराइड हे वरील एंझाइम रोखणारे औषध तयार केले. १९९२ मध्ये त्याला अष्ठीला ग्रंथीच्या वाढीवर ५ मिग्रॅ. मात्रेत मान्यता मिळाली आणि डिसेंबर १९९७ मध्ये टक्कलावर १ मिग्रॅ. या दैनिक मात्रेत. रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरोनाचे प्रमाण त्याने सुमारे दोन-तृतीयांशाने घटते. १८ ते ४१ वर्षांच्या १,५५३ पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांत केसांची गळती थांबल्याचे वा काही प्रमाणात वाढ झाल्याचे दिसले, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांत केसांची संख्या घटत राहिली. औषधाचा परिणाम दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात व ते बंद केल्यास वर्षभरात मूळ स्थिती येते. ही गोष्ट रुग्णास आरंभीच सांगणे आवश्यक असते, कारण पहिल्या दोन महिन्यांतच निराश होऊन औषध सोडणारे पुष्कळ असतात.

दुसऱ्या औषधाचा जन्म मात्र योगायोगाने झाला. अमेरिकेतील अपजॉन कंपनीचे मिनॉक्सिडिल हे रक्तवाहिन्या विस्फारणारे द्रव्य असून, तीव्र अतिरक्तदाबावरील गोळी म्हणून १९७९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचण्यांत रुग्णांच्या चेहऱ्यावर व हातांवर केस वाढू लागल्याचे दिसून आले. स्त्री-रुग्णांना तर हा मोठाच मनस्ताप होता. कोलोरॅडो विद्यापीठातील चार्ल्स चिडसी व त्वचारोगतज्ञ गंटर कान यांना या अनिष्ट परिणामातच उपयोग दिसला. शोधाच्या श्रेयावरून कंपनीशी प्रदीर्घ वाद झाला. डोक्यास लावण्याचा २ टक्के विद्राव १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी मान्य झाला आणि १९९६ पासून तो तेथे चिठ्ठीशिवाय मिळू लागला. मिनॉक्सिडिलाचे त्वचेतील एंझाइमामुळे सल्फेट बनते व तेच कार्यक्षम असते. हे एंझाइम व्यक्तिपरत्वे कमीजास्त असल्याने एकाला गुण येतो व दुसऱ्याला येत नाही. अलीकडे अल्प मात्रेतील गोळीही तज्ञ देऊ लागले आहेत, तथापि हृदयविकार वा रक्तदाबाचे विकार असणाऱ्यांनी ती परस्पर घेणे धोक्याचे आहे.

भारतात १९७० च्या एकस्व (पेटंट) कायद्यानुसार २००५ पर्यंत औषधाच्या निर्मितिप्रक्रियेलाच संरक्षण होते, प्रत्यक्ष औषधाला नव्हते. त्यामुळे सिप्लासारख्या कंपन्यांनी फिनॅस्टेराइड येथे स्वस्तात उपलब्ध केले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘एच’ अनुसूचीनुसार फिनॅस्टेराइड नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. याच नियमांची ‘जे’ अनुसूची अधिक उद्‌बोधक आहे. जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत अंधत्व व दमा यांच्या जोडीला टक्कलही आहे. वृत्तपत्रांतील व भिंतींवरील जाहिराती पाहता या तरतुदीची आठवण फारच थोड्यांना असावी.

फिनॅस्टेराइडाच्या अनिष्ट परिणामांत कामेच्छा कमी होणे, लैंगिक दुर्बलता इ. तक्रारी प्रमुख असून मूळ चाचण्यांत त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास होते. काहींच्या बाबतीत औषध थांबविल्यावरही त्या टिकून राहिल्याच्या नोंदी झाल्या व २०१२ मध्ये अमेरिकेतील माहितीपत्रकात तसा उल्लेख आला. मे २०२५ मध्ये यूरोपीय औषध संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा अनिष्ट परिणाम असल्याचे मान्य केले. गर्भवतीने फुटलेली गोळी हाताळू नये, कारण पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीस तीमुळे बाधा येऊ शकते. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगासाठी करावयाच्या रक्तपरीक्षेतील आकडाही या औषधाने सुमारे निम्मा होतो, म्हणून परीक्षा करणाऱ्यास औषधाची कल्पना द्यावी लागते. चिठ्ठीचे बंधन आहे ते यांसाठी. तालुक्याच्या गावी ही गोळी मागताच हाती पडत असेल, तर विकणारा व घेणारा असे दोघेही मोठी जोखीम पत्करतात.

बुलढाणा जिल्ह्यातील केसगळती : मलकापूर, नांदुरा व शेगाव ही तालुक्याची ठिकाणे भुसावळ–नागपूर लोहमार्गावर पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने लागतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इ. गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटून तीन-चार दिवसांत केस हाती येऊ लागले. नांदुरा तालुक्यातही तशी गावे निघाली आणि एकूण १८ गावांतील २७९ व्यक्तींना बाधा झाल्याची नोंद झाली. त्यांत पुरुषांबरोबर स्त्रिया होत्या, शाळकरी मुले होती व सत्तरी ओलांडलेले वृद्धही होते. कपाळापासून मागे सरकणारा क्रम नव्हता, कुळाचा संबंध नव्हता आणि घरातील अनेक जणांचे केस एकदमच जात होते. पुरुषी टक्कलाचे एकही लक्षण येथे जुळत नाही.

प्रथम संशय पाण्यावर गेला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्ट्यालगतचा, आणि तपासणीत पाण्यातील क्षारांचे व नायट्रेटाचे प्रमाण जास्त आढळले. बुरशीसंसर्गाचीही शंका घेण्यात आली. परंतु खारे पाणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या प्यायले जात आहे, त्याने अशी गळती पूर्वी झालेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ञ पाहणीसाठी आले. दरम्यान महाड (जि. रायगड) येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास करून रास्त भावाच्या दुकानातील गव्हाकडे लक्ष वेधले. कोकणातील विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्याच औषधाचा उपयोग दाखवून देणारे हेच बावस्कर होत. त्यांच्या अहवालानुसार या गव्हात सिलिनियम हे मूलद्रव्य किलोमागे १४.५२ मिग्रॅ. होते आणि बाधितांच्या रक्तात, मूत्रात व केसांतही ते कित्येक पटींनी वाढलेले होते, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते. हा गहू पंजाब-हरयाणाकडून आलेला असल्याचे त्यांनी सांगितले. पंजाबातील होशियारपूर व नवाशहर भागांतील काही जमिनी सिलिनियमयुक्त असल्याचे मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ज्ञात आहे.

या आकड्याचा अर्थ थोड्या हिशेबाने कळतो. प्रौढ माणसासाठी सिलिनियमाची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम मानतात. वरील प्रतीचा केवळ १०० ग्रॅम गहू पोटात गेला, तरी १,४५२ मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक सिलिनियम शरीरात जाते. एकेकाळी या मुलखाचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी होते व ती ज्वारी गावच्याच काळ्या जमिनीत पिकलेली असे. शिधापत्रिकेवरील गव्हाने गरिबाची चूल पेटती ठेवली हे खरेच, पण हजार मैलांवरच्या मातीचे गुणदोषही त्याबरोबर ताटात आले.

सिलिनियमाने केस व नखे जाणे ही वैद्यकास अपरिचित गोष्ट नव्हे. चीनच्या हूबे प्रांतातील एन्शी भागात १९६१–६४ या काळात असाच प्रकार घडला होता आणि २००८ मध्ये अमेरिकेत चुकीच्या प्रमाणात सिलिनियम मिसळलेल्या एका पोषक द्रावणाने २०१ जणांना बाधा झाली, त्यांतील बहुसंख्यांचे केस गळले. केसांतील केराटिन या प्रथिनात गंधकाचे बंध असतात. गंधकाच्या जागी त्याच्याच कुलातील सिलिनियम शिरल्याने केस दुबळे होत असावेत, असे मानतात. कोंड्यावरील काही द्रवरूप साबणांत सिलिनियम सल्फाइड असते, मात्र ते धुऊन टाकले जाते व त्वचेतून फारसे शोषले जात नाही.

अशा विषबाधेत फिनॅस्टेराइड वा मिनॉक्सिडिल यांचे काही काम नाही. दूषित अन्न थांबविणे हाच उपाय असतो, आणि केशपुटके जिवंत असल्याने केस बहुधा परत उगवतात. बुलढाण्यातही काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागले. तोपर्यंत मात्र ‘टक्कल विषाणू’ हे निराधार नाव सर्वत्र पसरले होते. बाधितांपैकी काहींनी लाजेने आधीच मुंडण करून घेतले होते, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्याची झळ विशेष लागली. एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतून काही बाधितांची नखे विद्रूप होऊन गळत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नख व केस ही दोन्ही केराटिनाचीच बनलेली असून, नखाची वाढ केसापेक्षा सावकाश होत असल्याने त्यावरील परिणाम उशिरा दिसून येतो.