दुरुस्तीचा न लिहिलेला इतिहास

छोट्या मोटारीचा मराठी मुलखातील इतिहास सांगायचा झाला की त्याची सुरुवात बहुधा इचलकरंजीपासून होते. शंकरराव कुलकर्णी यांनी तेथे ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडविली. तिचे पहिले रूप १९४९ सालचे, तर बऱ्याच सुधारणांनंतरचे अखेरचे रूप १९७० सालचे. सुमारे १२,००० रुपयांत ती मिळावी असा त्यांचा मानस होता. मोठ्या प्रमाणावर तिचे उत्पादन मात्र कधीच झाले नाही. ही कथा आपण शोकांतिकेच्या साच्यात सांगत आलो आहोत : एकाकी प्रतिभावंत, उदासीन व्यवस्था, हुकलेली संधी. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा साचा चांगलाच परिचित आहे. कथा खोटी नाही. पण तिच्यात यंत्राचे आयुष्य ते तयार होते त्या क्षणीच संपते. ती मोटार उद्या चंद्रपूरला अथवा अहेरीला बंद पडली असती, तर तिचे इंजिन कोणी उघडले असते, हा प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही.

त्याच काळात दुसरे एक छोटे वाहन भारतात आले आणि टिकले. इटलीत १९४६ साली विमानविद्येतील अभियंता कोर्रादिनो दास्कानियो याने व्हेस्पा स्कूटरची रचना केली. १९४८ साली तिच्यातूनच तीनचाकी मालवाहू गाडी निघाली. पुण्याचे न. कुं. फिरोदिया यांच्या खटपटीमुळे हे तीनचाकी वाहन आपल्याकडे प्रवासी रिक्षा म्हणून अवतरले. बजाजला १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा बाजारात आली. काटेकोरपणे पाहता ही मोटार नव्हे. पण युद्धोत्तर युरोपातील इझेट्टा किंवा १९५७ची फियाट ५०० यांची ती सख्खी नातलग आहे. पैसा, पेट्रोल आणि धातू या तिन्हींच्या टंचाईतून ही सगळी वाहने जन्मली, आणि या सगळ्यांची इंजिने हवेने थंड होणारी होती. रेडिएटर, पाण्याचा पंप, रबरी नळ्या यांना फाटा दिला की वजन घटते, किंमत उतरते आणि बिघडू शकणाऱ्या वस्तूही कमी होतात.

ही सोय चंद्रपूरच्या हवेत कशी वागते, हे पाहण्यासारखे आहे. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे ही काही नवलाची बाब नाही. पाणीच नसल्याने ते उकळण्याची भीती नाही. पण उष्णता सामावून घेणारे माध्यमही नाही. सिलिंडरभोवतीच्या पातळ पंखांवरून वारा वाहत राहिला तरच इंजिन जगते. पाठीमागे बसविलेल्या इंजिनाला समोरचा वारा मिळत नाही, म्हणून फ्लायव्हीलवरचा पंखा हवा ओढतो आणि पत्र्याचे आवरण ती हवा सिलिंडरवर नेते. रस्त्याची धूळ, घुग्घुस-बल्लारपूरकडील कोळशाची भुकटी आणि गळणारे तेल यांचा लगदा त्या पंखांच्या फटींत बसतो. चालकाला वाटते, पत्रा काढून टाकला तर इंजिनाला वारा लागेल. घडते नेमके उलट : पत्रा नसला की हवा भलतीकडेच निघून जाते आणि पिस्टन पकडतो. उघडे ते थंड, हा साधा तर्क येथे लागू पडत नाही, हे मिस्त्री अनुभवाने जाणतो.

दोन-स्ट्रोक इंजिनाचा आणखी एक स्वभाव म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पैसे वाचविण्यासाठी तेल कमी घातले तर इंजिन जाम होते. जास्त घातले तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने बुजतो. मग सायलेन्सर तापवून कार्बन काढणे, पॉइंट घासणे, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे, ही कामे ओघानेच येतात. एका इंजिनाला असे दोन-तीन पुनर्जन्म मिळत असत. कारखान्याच्या नोंदीत त्याचे जन्मवर्ष एकच. वस्तुतः त्याचे निम्मे आयुष्य गावातल्या गॅरेजात घडलेले असते.

अंतर ध्यानात घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याचे दक्षिण टोक असलेले सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, आणि दीर्घ काळ वडसा हेच जिल्ह्यातील रेल्वेचे ठिकाण होते. जेथे सुटा भाग दुसऱ्या गावाहून येईपर्यंत वाहन उभे राहते, तेथे जुना भाग चालविता येणे हे कौशल्यच उपजीविका ठरते.

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या अंगाने लिहावा, असा आग्रह धरला आहे. कोणती वस्तू केव्हा जन्मली यापेक्षा ती किती काळ, कोणाच्या हाती चालली, हे त्याच्या मते अधिक बोलके आहे. ही दृष्टी स्वीकारली तर ‘मीरा’ आणि रिक्षा यांची तुलना वेगळी दिसू लागते. परवान्याइतकीच मिस्त्रींची साखळीही निर्णायक असते. ती साखळी वाहने रस्त्यावर आल्यानंतरच उभी राहते, आणि ‘मीरा’ला तेवढी संधी मिळालीच नाही. परवान्याचा कागद दप्तरात उरतो. साखळीचा कागदच नसतो.

येथे साहित्याच्या अभ्यासकांचा संबंध येतो, कारण हे ज्ञान भाषेत साठलेले आहे. ‘इंजिन पकडले’, ‘मिसिंग मारते’, ‘गाडी उचलत नाही’ या प्रयोगांत निदान आहे. इंग्रजी नामाला मराठी क्रियापद जोडून कारागिराने आपली परिभाषा घडविली. चंद्रपूरकडे तीत हिंदी आणि तेलुगूही मिसळली. परिभाषा कोशांनी शुद्ध पर्याय सुचविले, पण हातात पाना घेतलेल्या माणसाने वापरलेल्या शब्दांची नोंद सहसा कोणी घेतली नाही.

या जगाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. रॉकेलमध्ये सुटे भाग धुणारी मुले शाळेबाहेर राहिली. उस्तादाकडची उमेदवारी बहुतेकदा बिनपगारी होती. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या धुराने शहरे काळवंडली, आणि ती इंजिने मागे पडली याची खंत बाळगावी असे नाही. खंत वेगळी आहे. आता बॅटरीवरच्या रिक्षा येत आहेत, त्यांचा नियंत्रक बंद डबीत असतो आणि बिघडला की बदलला जातो. कान लावून बिघाड ओळखणारी पिढी वृद्ध होत आहे, आणि तिने काय ऐकले हे विचारणारे कोणी नाही.

गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एखाद्या कवीऐवजी गावातला एखादा जुना मिस्त्री निवडावा. त्याचे शब्द त्याच्याच उच्चारांसह टिपावेत, त्याने इंजिन उघडताना कोणता भाग आधी का काढला हे विचारावे, आणि तो कोणाकडून शिकला, त्या उस्तादाचे नाव लिहून ठेवावे. शंकररावांचे नाव आपण जपले, हे योग्यच झाले. या उस्तादांची नावे सांगू शकणारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम होऊ शकते.