दाबलेल्या हवेचा ताप : सुपरचार्ज्ड गाड्यांचे शीतकरण आणि त्याच्या चाचण्यांची वाटचाल

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप आहे. क्रँकशाफ्टवरून बेल्टने किंवा गिअरने तो चालतो आणि इंजिन स्वतःहून ओढून घेईल त्यापेक्षा जास्त हवा सिलिंडरमध्ये दाबून भरतो. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. पण हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, ते याच कारणाने. २७ अंश सेल्सिअस तापमानाची हवा वातावरणाच्या १.७ पट दाबापर्यंत नेली आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडताना ती सुमारे १०९ अंशांवर पोहोचलेली असते. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे दाबाने मिळवलेले काही अंशी तिथेच गमावले जाते. त्याहून मोठा धोका सिलिंडरच्या आत असतो. हवा फार तापलेली असेल तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ‘नॉक’ करू लागते. हे चालूच राहिले तर पिस्टन निकामी होतात. त्यामुळे सुपरचार्जरचा इतिहास हा बराचसा हवेतली उष्णता काढून टाकण्याच्या धडपडीचा आणि ती खरोखर किती निघाली हे मोजायला शिकण्याचा इतिहास आहे.

पंप आधी आला, मोटार नंतर. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये दोन फिरत्या पाळ्यांच्या हवेच्या पंपाचे पेटंट घेतले. असे पंप पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्यासाठी वापरले गेले. १८८५ मध्ये गॉटलीब डायम्लर यांनी इंजिनात हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचे जर्मन पेटंट घेतले. १९०८ मध्ये ली चॅडविक यांच्या अमेरिकी गाडीने सुपरचार्जर लावून चढणीच्या शर्यतीत यश मिळवले. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीझने सुपरचार्जर असलेल्या प्रवासी गाड्या मांडल्या आणि १९२३ मध्ये मोंझा येथे फियाट ८०५ ही ग्राँ प्री जिंकणारी पहिली सुपरचार्ज्ड गाडी ठरली. या काळात दाब माफक होता, त्यामुळे हवेच्या तापमानाचा प्रश्न अजून ऐरणीवर आला नव्हता.

दाब वाढत गेला तसे शर्यतीच्या गाड्यांनी इंधनालाच शीतक बनवले. कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवला की इंधनाची वाफ पंपातच होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती हवेतून घेते. या कामात मेथॅनॉल पेट्रोलच्या कितीतरी पुढे आहे. एक किलो मेथॅनॉलची वाफ होताना सुमारे ११०० किलोजूल उष्णता शोषली जाते, तर पेट्रोलच्या बाबतीत हा आकडा साधारण ३५० इतका आहे. शिवाय तेवढ्याच हवेसाठी मेथॅनॉल वजनाने दुपटीहून जास्त लागते, म्हणून एकूण थंडावा कित्येक पटींनी वाढतो. याची किंमत इंधनाच्या टाकीतून मोजावी लागे. १९५१ ची अल्फा रोमिओ १५९ दीड लिटरच्या इंजिनातून चारशेहून अधिक अश्वशक्ती काढत असे, पण एका लिटर इंधनात ती जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर धावे. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोन येथे फ्रॉइलान गोन्सालेस यांनी सुपरचार्जर नसलेल्या साडेचार लिटरच्या फेरारीने अल्फांना हरवले. इंधन भरण्यासाठी अल्फांना जास्त थांबावे लागणे, हे त्या पराभवाचे एक कारण होते. शीतकरण कधीच फुकट मिळत नाही, ही गोष्ट त्या शर्यतीने सगळ्यांसमोर आणली.

हवा थंड करण्याचे खरे शास्त्र विमानांच्या इंजिनांवर घडले. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची शक्ती घटते. ती टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरणारा हवेचा पंप, लावून परत मिळते का हे पाहण्यासाठी सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील ४,३०२ मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेले आणि तिथे चालवून त्याची शक्ती मोजली. समुद्रसपाटीला मिळणारी सुमारे ३५० अश्वशक्ती शिखरावरही मिळाली. प्रयोगशाळेतल्या अंदाजावर विसंबून न राहता जिथे यंत्र राबणार तिथेच त्याची परीक्षा घ्यायची, हा पायंडा या चाचणीने पाडला.

दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन ६१ इंजिनाने शीतकरणाला यंत्राचा अविभाज्य भाग बनवले. स्टॅन्ले हूकर यांनी त्यात एकामागोमाग दोन टप्प्यांत हवा दाबणारा सुपरचार्जर बसवला. दोनदा दाबलेली हवा इतकी तापे की ती तशीच सिलिंडरमध्ये सोडणे शक्य नव्हते. म्हणून सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्यामध्ये पाण्यावर चालणारा शीतक बसवण्यात आला. त्या पाण्याचा पंप आणि रेडिएटर इंजिनाच्या मुख्य शीतकरणापासून वेगळे होते. हे इंजिन घेऊन १९४२ मध्ये स्पिटफायर मार्क ९ लढाईत उतरले, तेव्हा पंखाखाली या रेडिएटरसाठी स्वतंत्र जागा राखलेली होती. आजच्या बऱ्याच सुपरचार्ज्ड गाड्यांत हीच मांडणी आढळते.

याच काळातील अमेरिकी पी-३८ लाइटनिंग विमानाची कहाणी उलट दिशेने शिकवते. सुरुवातीच्या विमानांत पंखाची पुढची कडाच इंटरकूलर, म्हणजे दाबलेल्या हवेचा शीतक, म्हणून वापरली होती. पुढे इंजिनांची शक्ती वाढली, पण त्या कडेची उष्णता टाकण्याची क्षमता होती तेवढीच राहिली. शेवटी पी-३८जे या आवृत्तीत इंटरकूलर तिथून काढून इंजिनाच्या खाली, तेलाच्या कूलरशेजारी बसवावे लागले. शक्ती वाढवली आणि शीतकरण मागे ठेवले, तर वाढलेली शक्ती वापरता येत नाही. गाड्यांच्या जगात हाच धडा पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

विमानांच्या या कामातून इंटरकूलर पारखण्याची दोन मोजमापे रूढ झाली. पहिले म्हणजे परिणामकारकता : आत आलेली गरम हवा आणि बाहेरची थंड हवा यांच्या तापमानातील फरकापैकी किती भाग कूलरने उतरवला. १०९ अंशांची हवा २७ अंशांच्या वातावरणात ५० अंशांपर्यंत आली, तर ८२ पैकी ५९ अंश उतरले, म्हणजे परिणामकारकता ७२ टक्के. दुसरे म्हणजे दाबातील घट : कूलरच्या बारीक वाटांतून जाताना हवेने किती दाब गमावला. दाट जाळीचा कूलर पहिल्या मोजमापात चांगला ठरतो आणि दुसऱ्यात मार खातो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात.

युद्धानंतर कॅलिफोर्नियातील हौशी मेकॅनिकांनी जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांवरचे ‘६-७१’ जातीचे रूट्स पंप काढून मोटारींच्या इंजिनांवर चढवले. हे पंप दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमधील धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरण्यासाठी बनवलेले होते. पाव मैलाच्या शर्यतीत इंजिनाला काही सेकंदच राबायचे असे आणि इंधन मेथॅनॉल किंवा नायट्रोमिथेन असल्यामुळे वेगळ्या कूलरशिवाय भागत असे. रस्त्यावरच्या गाडीला अशी सूट नसते. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीने पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण हवेत फवारण्याचा मार्ग धरला. त्यासाठी मालकाला एक वेगळी टाकी भरत राहावी लागे. ती रिकामी झाली की इंजिनाचा दाब कमी केला जाई. मालकाच्या आठवणीवर अवलंबून असलेले शीतकरण टिकले नाही.

हवेने हवा थंड करणारा इंटरकूलर रस्त्यावरच्या गाड्यांत रुजला तो टर्बोमुळे. पोर्शे ९११ टर्बोला १९७८ मध्ये तो मिळाला. इंजिन ३ वरून ३.३ लिटर झाले आणि शक्ती २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. ब्यूइकच्या ग्रँड नॅशनलमध्ये १९८५ ला २०० अश्वशक्ती होती. १९८६ ला इंटरकूलर आला आणि ती २३५ झाली. सुपरचार्जरच्या बाजूने फोर्डच्या १९८९ च्या थंडरबर्ड सुपर कूपने हीच पद्धत वापरली. २००२ च्या सुमाराची मिनी कूपर एस इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर घेऊन आली. बॉनेटवरच्या तोंडातून त्याला वारा मिळे. धावताना ही रचना चांगली चाले, पण गाडी सिग्नलला उभी राहिली की खालच्या इंजिनाची धग कूलरच्या धातूत मुरत असे.

मोठ्या अमेरिकी आणि जर्मन गाड्यांनी मात्र मर्लिनची वाट धरली. २००३ ची मस्टँग कोब्रा आणि त्याच काळातील मर्सिडीझ ई ५५ एएमजी यांत दाबलेली हवा पाण्याच्या कूलरमधून जाते आणि ते पाणी विजेच्या पंपाने पुढच्या रेडिएटरकडे फिरते. एवढ्या शक्तीच्या गाड्या हाती आल्यावर मालकांनी सुपरचार्जरची पुली लहान करून दाब वाढवायला सुरुवात केली. उष्णता वाढली, हवेचे तापमान चढले, आणि नॉक टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे घेऊ लागला. त्यामुळे पहिल्या दौडीत मिळालेली शक्ती तिसऱ्या दौडीत गायब होत असे. याच तापलेल्या स्थितीला हौशी मंडळी ‘हीट सोक’ म्हणतात. त्यावर उपाय विकणारी बाजारपेठ उभी राहिली : मोठा रेडिएटर, जास्त प्रवाहाचा पंप, पाण्याची वाढीव टाकी, बर्फाची टाकी, पाणी-मेथॅनॉलचा फवारा, तसेच इंजिनाच्या मुख्य पाण्यासाठी ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट.

हे उपाय पारखायचे कसे, हा प्रश्न त्यांच्याबरोबरच आला. १९९० च्या दशकात इनर्शिया डायनो हे शक्ती मोजण्याचे यंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचले. गाडीची चाके ठरावीक वजनाचा जड ड्रम फिरवतात आणि त्याचा वेग किती झपाट्याने वाढतो यावरून शक्ती काढली जाते. पण अशी दौड दहा-पंधरा सेकंदांत संपते, तेवढ्यात पाणी फारसे तापत नाही, आणि समोर ठेवलेला पंखा महामार्गावरच्या वाऱ्याची बरोबरी करू शकत नाही. जुना भाग तापलेल्या गाडीवर आणि नवा भाग रात्रभर थंड झालेल्या गाडीवर मोजला, तर कोणताही भाग चमत्कार करताना दिसेल. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ जोडणी सक्तीची झाली. त्यातून सेन्सरवरचे तापमान आणि ठिणगीची वेळ सतत नोंदवणे सामान्य मालकाच्या हाती आले. कारखान्याच्या प्रयोगशाळेतच होऊ शकणारी तपासणी घरच्या अंगणात आली, ही या इतिहासातली मोठी झेप आहे.

चांगली तुलनात्मक चाचणी पायरीपायरीने होते. आधी पंपाचा खरा प्रवाह मोजतात : परतीची नळी सोडवून बादलीत धरायची, पंप चालू करायचा आणि ठरावीक लिटर भरायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहायचे. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो. प्रत्यक्षात नळ्यांचे वाक आणि कूलर यांचा अडथळा लागला की तो बराच खाली येतो. मग सुपरचार्जरच्या आधी, कूलरनंतर आणि पाण्याच्या येत्या-जात्या नळ्यांत तापमान मोजणारे थर्मोकपल बसवतात. गाडी ठरलेल्या तापमानाला आणून एकाच गिअरमध्ये एकापाठोपाठ अनेक दौडी घेतात आणि दोन दौडींमधली विश्रांती सारखी ठेवतात. प्रत्येक दौडीत तापमान किती चढले आणि पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, हे दोन्ही नोंदवतात. शेवटी जुना भाग परत बसवून पहिली मोजणी पुन्हा करतात. ती आधीसारखी आली, तरच मधला फरक नव्या भागाचा मानता येतो. सेन्सर तापलेल्या धातूत रुतलेला असेल तर तो हवेऐवजी धातूचे तापमान सांगतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड मापकही चुकीचा आकडा दाखवतो. या दोन्ही गोष्टी आधीच तपासाव्या लागतात.

चाचणी किती वेळ चालली यावर निकाल कसा पालटतो, ते हिशेबानेच कळते. साधारण ५०० अश्वशक्तीच्या इंजिनाला सेकंदाला ०.३८ किलो हवा लागते. ती ६० अंशांनी उतरवायची, तर पाण्यात सुमारे २३ किलोवॉट उष्णता जाते. दहा सेकंदांच्या दौडीत हे २३० किलोजूल होतात, आणि व्यवस्थेत दहा लिटर पाणी असेल तर रेडिएटरचा हिशेब न धरताही ते जेमतेम साडेपाच अंश तापते. पाच किलो बर्फ तर वितळतानाच १६०० किलोजूलहून जास्त शोषतो. म्हणून पाव मैलाच्या शर्यतीत मोठी टाकी आणि बर्फ जिंकतात. सर्किटवर वीस मिनिटे धावताना मात्र साठवण लवकरच भरते. तिथे रेडिएटर वाऱ्याला किती उष्णता देऊ शकतो, एवढेच मोलाचे उरते. एका चाचणीत उत्तम ठरलेला भाग दुसरीत सामान्य ठरतो, याचे कारण हेच.

या अनुभवाची छाप कारखान्यांच्या रचनेवरही दिसते. २०१५ च्या ६५० अश्वशक्तीच्या कॉर्व्हेट झेड०६ वर ट्रॅकवरील दीर्घ फेऱ्यांत तापण्याच्या तक्रारी आल्या. २०१७ च्या मॉडेलला बॉनेटमध्ये मोठ्या जाळ्या आणि सुपरचार्जरवर नवे आवरण देण्यात आले. २०१८ च्या डॉज डेमनमध्ये एसीचा गारवा प्रवाशांकडून काढून इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवण्याची सोय होती, आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा व पंप चालू राहत. २०१९ च्या ७५५ अश्वशक्तीच्या कॉर्व्हेट झेडआर१ वर मिळून तेरा उष्णता-विनिमयक बसवलेले होते. पहिल्या दौडीचा सर्वोच्च आकडा आता पुरेसा मानला जात नाही. किती तापमानाच्या दिवसात, किती वेळ, किती वेळा आणि दाबातील किती घट सोसून ती शक्ती मिळत राहिली, या चार गोष्टी नोंदवल्या असतील तरच शीतकरणाची चाचणी पूर्ण झाली असे म्हणता येते.